आभाळातून उतरलेले जाते

दिवाळीला मी अजून गावी जातो. पुण्यातल्या घराला चार दिवस कुलूप लावायचे, मुलांना एस.टी.त बसवायचे आणि सातारच्या पुढे उतरून मिळेल त्या वाहनाने गाव गाठायचे, हा शिरस्ता आजवर मोडलेला नाही. घरात चकलीची भाजणी आता गिरणीतून दळून येते. जुने जाते परसात, न्हाणीच्या भिंतीशी पडून असते. मुले त्यावर बसून लवंगीच्या माळा सोडवतात. त्यांना तेथून कुणी उठवत असेल तर तो मीच. आणि का उठवतो ते सांगायला लागलो, की मुले पळून जातात. मुलांना सांगता आले नाही ते आज वाचकांना सांगावे म्हणतो.

आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. अशा पाट्या आमच्याच जिल्ह्यात नव्हेत, साऱ्या देशात गावोगाव आहेत. पाटीवर इंग्रजीत लिहिले आहे, की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर सत्तावीस माणसे गेली आणि त्यांपैकी सहा जणांनी प्राण वेचले. नाव एकाचेही नाही. लहानपणी आम्ही त्या पाटीवर चेंडू मारून झेल घेत असू. सत्तावीस वजा सहा म्हणजे एकवीस. त्या एकविसांतले एक माझे पणजोबा.

घरात त्यांना थोरले आबा म्हणत. मी त्यांना पाहिलेले नाही. ते १९५८ साली गेले आणि मी त्यानंतर वीसएक वर्षांनी जन्मलो. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते सारे आजीकडून. आजी त्यांची सून. १९४६ साली ती या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि पुढची बारा वर्षे तिने सासऱ्याला जवळून पाहिले. "मामंजी बसऱ्याला गेल्ते," एवढेच ती लढाईविषयी सांगे. आमच्याकडे त्या साऱ्या युद्धाचे नावच बसरा. कुणी फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आलेला असला तरी गावाच्या लेखी तो बसऱ्यालाच गेलेला.

पण आबांच्या दोन गोष्टी ती पुनःपुन्हा सांगे. पहिली अशी, की फौजेतून परत आल्यापासून त्यांनी देव्हाऱ्याला हात लावला नाही. आमचे कुलदैवत पालीचा खंडोबा. देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक आहे. टाकावर देव घोड्यावर बसलेला. पूजा आबांचे धाकटे भाऊ करीत. आबा आंघोळ करून येत, देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून हात जोडत आणि उठून रानात जात. पालीच्या जत्रेला ते दरवर्षी जायचे, चालत जायचे. पण देवळाबाहेर सगळ्यांच्या वहाणा राखीत बसायचे. कुणी भंडारा आणून कपाळी लावला तर लावून घेत. पायरी मात्र चढत नसत.

दुसरी गोष्ट जात्याची. आजी पहाटे दळायला बसली, की थोडक्या वेळात आबा येऊन माजघराच्या दाराशी, अंधारात, भिंतीला टेकून बसत. सासरा बसलेला पाहून नवी सून ओवी गिळून टाकी. मग अंधारातून आवाज येई, "थांबू नगंस. चालू दे." ओवी चालू दे म्हणत होते की जाते चालू दे म्हणत होते, हे तिला कधी कळले नाही. दळण संपले, की ते पुढे येत, जात्याभोवती सांडलेले पीठ बोटांनी गोळा करीत आणि सुपात टाकीत. बाईमाणसाचे हे काम घरचा कर्ता पुरुष करतो म्हणून आजीला मेल्याहून मेल्यासारखे होई. एकदा तिने धीर करून म्हटले, "मी झाडून घेते, मामंजी." ते म्हणाले, "झाडू नगंस. येचायचं असतं."

या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आणि त्यांचा अर्थ माझ्या परीने लावला. गावात म्हणत, फौजेत माणसे मारली त्याचे पाप आबांना खात होते. मला तो अर्थ फार भाबडा वाटे. मी कॉलेजात होतो. सातारा जिल्हा म्हणजे सत्यशोधकांचा मुलूख, हे नुकतेच वाचले होते. देव्हाऱ्याला न शिवणारा, देवळाची पायरी न चढणारा शेतकरी! मी कॉलेजच्या वार्षिक अंकात 'माझे सुधारक पणजोबा' असा चांगला सहा पानांचा लेख लिहिला. त्यात जोतीराव होते, मूर्तिपूजेवर टीका होती आणि बायकांच्या कामाला हात लावणारा पुरुष म्हणून समतेवरही एक परिच्छेद होता. लेखाला बक्षीस मिळाले. उंबऱ्याबाहेर बसून ते हात का जोडत, एवढा एक प्रश्न मी सोयीने बाजूला ठेवला होता.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. पानिपतची बखर शिकवू लागलो. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, हे वर्गात सांगताना माझा आवाज अजून जड होतो. २००९ साली गावच्या घराचे पत्रे बदलताना माळ्यावरची एक लोखंडी पेटी खाली आली. तीत आबांचा फौजेतून सुटल्याचा कागद होता. '११७ वी मराठा पलटण' एवढे मला वाचता आले. खाली इंग्रजीत 'युद्धकैदी' असा शेरा होता. आबा कैदेत होते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मी तो कागद आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "तुमचे पणजोबा कूतचे." दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन जाडजूड पुस्तके आणून माझ्या टेबलावर ठेवली.

कूत-अल-अमारा हे इराकात तैग्रिस नदीच्या वळणावरचे एक गाव. नदीने तीन बाजूंनी वेढलेले. १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी तुर्कांविरुद्ध बसऱ्याला जी फौज उतरवली ती हिंदुस्थानी सैन्याची सहावी डिव्हिजन. तिचे नावच 'पुणे डिव्हिजन'. मी पुण्यात इतकी वर्षे राहिलो, लष्कर भागातून शेकडो वेळा गेलो. हे नाव माझ्या कानावर कधी पडले नव्हते. तीत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. शिवाय पंजाबी, राजपूत, गुरखे आणि काही गोऱ्या पलटणी. जनरल टाउनशेंड या फौजेला घेऊन नदीच्या कडेने वर वर चालला. अमारा पडले, सप्टेंबर १९१५ मध्ये कूत पडले. मग बगदाद घेण्याची हाव सुटली. बगदादच्या अलीकडे वीस मैलांवर तेसिफोन येथे, जिथे जुन्या पारशी बादशहांच्या राजवाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे, २२ नोव्हेंबरला लढाई झाली. पहिल्या दिवशी खंदकांची पहिली रांग हाती आली. पण साडेचार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली आणि पुढे जायला फौजच उरली नाही. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्यांत घालून खडबडीत माळावरून नदीकडे आणले, आणि तेथून बोटींवर दाटीवाटीने पसरून अनेक दिवसांच्या प्रवासाने बसऱ्याला नेले. या हालांचा विलायतेत एवढा बोभाटा झाला, की पुढे चौकशी होऊन १९१७ साली हिंदुस्थानमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

उरलेले लोक माघार घेत ३ डिसेंबरला कूतला पोचले. ७ डिसेंबरला तुर्कांनी गावाला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. आत साडेअकरा हजारांच्या आसपास लढते लोक, साडेतीन हजार हिंदुस्थानी नोकरचाकर आणि गावातले सहा हजार अरब. २४ डिसेंबरला तुर्कांनी टोकाच्या मातीच्या किल्ल्याला खिंडार पाडून आत मुसंडी मारली. हातघाई होऊन ते मागे रेटले गेले. त्यानंतर शत्रूने फारशी घाई केली नाही. आत अन्न किती आहे याचा हिशेब तो बाहेर बसून करीत होता. थंडी, पाऊस, मग नदीचा पूर आणि खंदकात पाणी. बसऱ्याकडून मदतीला येणारी फौज तैग्रिसच्या दोन्ही काठांनी झुंजत होती. तिच्या तोफांचे आवाज आतल्यांना ऐकू येत, रात्री उजेड दिसे. सुटका आता उद्या, परवा. असे करता करता त्या सुटकेसाठी सुमारे तेवीस हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. सुटका झाली नाही.

आता मी ज्यासाठी हे लिहितो आहे ते. अन्न कमी पडू लागले तेव्हा तोफांचे आणि रिसाल्याचे घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. गोऱ्यांनी ते घेतले. हिंदुस्थानी शिपायांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, नाकारले. ते जवाच्या पिठावर आणि खंदकाच्या कडेच्या पाल्यावर राहिले. हा पाला उकडून त्याची भाजी करीत. त्यातला काही विषारी होता. आमच्या रानातली पाथरी आणि घोळ अंधारात चाचपून ओळखणारी माणसे ती. त्या मुलुखातले गवत त्यांना ओळख देईना. गोऱ्यांना बेरीबेरी झाली ती पांढऱ्या पिठाच्या पावाने. आपल्या लोकांना झाला तो स्कर्व्ही. हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत. डॉक्टर सांगत होते, की या रोगाला उपाय समोर उभा आहे, चार पायांवर. टाउनशेंडने बिनतारी यंत्राने हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे निरोप मागवले. ते आले, वाचून दाखवले. तरी लोक खाईनात. त्यांचे म्हणणे त्या पुस्तकांत इंग्रजीत नोंदलेले आहे, पण मला ते वाचताना सातारी बोलीत ऐकू येत होते: आम्ही खाऊ, पण गावात कळले तर? आम्हांला पंगतीला कोण घेईल, आमच्या पोरी कोण करील?

एप्रिलमध्ये पिठाचा शिधा दिवसाला चार-पाच औंसांवर आला. म्हणजे दोन लहान भाकरी होतील एवढा. पहाऱ्यावरचे शिपाई उभ्या उभ्या कोसळू लागले. मग हुकूम निघाला, की जे मांस न खाऊन अशक्त होतील त्यांचे हुद्दे खाणाऱ्यांना दिले जातील. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेकांनी घोड्याचे मांस खायला सुरुवात केली.

हे पान मी वाचले तेव्हा कॉलेज सुटले होते. प्राध्यापकांच्या खोलीत पंखा तेवढा फिरत होता. माझ्या डोळ्यांपुढे देव्हाऱ्यातला टाक आला. घोड्यावर बसलेला देव. आणि उंबऱ्याबाहेर हात जोडून बसलेला एक म्हातारा.

खाणाऱ्यांची नावानिशी यादी कोणत्याही पुस्तकात नाही, आणि कोर्टात टिकेल असा पुरावा माझ्याजवळ नाही. पण ज्या माणसाने पुढची चाळीस वर्षे देवाच्या घोड्याला तोंड दाखवले नाही, त्याच्या बाबतीत मला आणखी पुरावा नको होता. तो देव न मानणारा नव्हता. त्याच्याइतका देव मानणारा आमच्या घराण्यात दुसरा झाला नसेल. आणि मी त्याला सुधारक ठरवून बक्षीस घेऊन बसलो होतो.

जात्याचा उलगडा त्याच पुस्तकात थोडा पुढे झाला. गावातल्या घरांची झडती घेतल्यावर जव सापडले होते. पण दळायचे कशाने? तेव्हा विमानातून जात्याचे दगड आत टाकण्यात आले. शेवटच्या पंधरवड्यात तर विमानांनी पिठाची पोतीच टाकली. वेढ्यातल्या फौजेला आभाळातून अन्न पुरवण्याचा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. पंधरा दिवसांत साडेसात टन. म्हणजे माणशी दिवसाला मूठभरसुद्धा नव्हे. काही पोती नदीत पडली, काही शत्रूकडे गेली. विमान हे यंत्र ज्यांनी त्याआधी पाहिले नव्हते, अशा कुणब्यांच्या पोरांनी मान वर करून पाहिले असेल, आणि आभाळातून काय उतरले? तर घरच्या माजघरात असते ते जाते. पीठ झाडायचे नसते, वेचायचे असते, हे माझे पणजोबा कुठे शिकून आले ते मला तेव्हा कळले.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. त्याआधी तुर्क सेनापतीला दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ करून फौज सोडवण्याचा प्रयत्न झाला. बोलणी करणाऱ्यांत पुढे 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला माणूसही होता. तुर्कांनी नकार दिला. तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले. शिपायांना उपाशीपोटी, फाटक्या बुटांनी, उन्हाळ्याच्या तोंडी शेकडो मैल चालवत नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक मेले. हिंदुस्थानी सुमारे अडीच हजार. जनरल टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि कैदेत असतानाच 'सर' ही पदवी मिळाली. १९१८ च्या अखेरीस तह झाला. आबा त्यानंतर काही महिन्यांनी गावी आले.

जे आले नाहीत, त्यांच्यासाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले. गोऱ्या शिपायांची नावे तिथे कोरलेली आहेत. हिंदुस्थानी अंमलदारांचीही आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा. आमच्या चावडीवरच्या पाटीसारखाच. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते सारे स्मारक उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवले. २०२१ साली युद्धस्मारके सांभाळणाऱ्या इंग्रजी संस्थेने चौकशी करून कबूल केले, की आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या लाखाहून अधिक सैनिकांची नावे कोरलीच गेली नाहीत, आणि माफी मागितली. माफीची बातमी वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. इंग्रजांना काय बोलायचे! पानिपतवर आपण बखरी लिहिल्या, पोवाडे गायले, म्हणी केल्या. तिथले हरपलेले मोती आणि मोहरा मला पाठ आहेत. कूतमध्ये तीन मराठा पलटणी पाच महिने उपाशी होत्या आणि मराठीच्या प्राध्यापकाला ते वयाच्या तिशीत इंग्रजी पुस्तकातून कळले.

त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो तो मनात ओझे घेऊन. आजी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सांगावे की नाही, ठरेना. एका जुन्या सुनेला तिच्या सासऱ्याविषयी हे सांगायचे, तेही दिवाळीच्या दिवसांत. शेवटी पाडव्याच्या संध्याकाळी ओसरीवर ती वाती वळत बसली होती तेव्हा सांगितले. वेढा सांगितला, जव सांगितले, विमानातून पडलेले जाते सांगितले. त्यावर ती वाती वळायची थांबली. "जातं?" म्हणाली, आणि बराच वेळ परसाकडे बघत राहिली. मग मी खाली मान घालून घोड्याचे सांगितले.

ती लगेच काही बोलली नाही. मग विचारले, "किती दीस उपाशी हुते?"

"पाच महिने, आजी."

तिने आणखी दोन वाती वळल्या. मग म्हणाली, "पाच म्हैनं उपाशी माणसाम्होरं घोडं कुणी धाडलं? ज्याचं हुतं त्यानंच की. दुसऱ्या कुणाचं घोडं असतंय?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांनी बिनतारी यंत्रावरून जे निरोप पाठवले, त्यांत हे एक वाक्य असते तर!

"आन् ह्ये त्यास्नी कुणीच सांगितलं न्हाई," ती पुढे म्हणाली, "जल्मभर उंबऱ्याभाईर बसले." एवढे बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. सासऱ्यासाठी आजी रडताना मी पाहिली ती तेवढीच.

महिनाभराने चंपाषष्ठी आली. मी रजा काढून गावी गेलो. आजीने वांग्याचे भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य केला, वडिलांकडून टाकाची पूजा करवून घेतली. मग एक रोडगा वेगळा काढला, काठी टेकत परसात गेली, जात्यावरची धूळ पदराने पुसली आणि रोडगा जात्यावर ठेवला. कुणाला काही सांगितले नाही. २०१२ साली ती गेली. तेव्हापासून चंपाषष्ठीचा तो एक रोडगा माझी आई ठेवते.

त्याच मुक्कामात मी आजीला कॉलेजच्या अंकातल्या त्या लेखाची कबुली दिली होती. सुधारक म्हणजे काय, ते तिला समजावून सांगावे लागले. ऐकून ती म्हणाली, "म्हंजे तू त्यास्नी देव न मानणारा म्हणून ल्हिवलंस?"

"हो."

"छापलंस?"

"हो."

"मग आता नीट ल्ही. आन् त्येबी छाप."

तिला हो म्हणून मी पुण्याला परत आलो. लिहायला इतकी वर्षे लागली.